रात्री साडेसातचा पेपर

बारावीचं वर्ष म्हणजे काय, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. त्या वर्षी परीक्षा एकट्या मुलाची नसते, सगळ्या घराची असते. केबल बंद होतं. पाहुण्यांना 'मार्चनंतर या' असं कळवलं जातं. आजोबा बातम्या बारीक आवाजात ऐकतात आणि आई रात्री बारा वाजता चहा करायला उठते. पेपरच्या दिवशी हातावर दही-साखर पडते, देवाला आणि घरातल्या थोरांना नमस्कार होतो, आणि वडील अकरा ते दोन केंद्राच्या फाटकाबाहेर इतर वडिलांबरोबर झाडाखाली उभे राहतात. मूल बाहेर आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कसा गेला?"

इथल्या कॉलेजच्या परीक्षेत या सगळ्याला जागाच नाही. फाटक नाही, केंद्र नाही, हॉल तिकीट नाही, आणि घर तर बहुतेक वेळा कित्येक मैल दूर असतं. आपल्या मंडळातल्या ज्या घरांतली मुलं शार्लट्सव्हिल, ब्लॅक्सबर्ग किंवा रिचमंडला शिकायला गेली आहेत, त्यांच्या आईवडिलांना डिसेंबरात फार तर 'फायनल्स चालू आहेत' एवढंच ठाऊक असतं. मला ही परीक्षा जवळून दिसली ती माझ्या भाचीमुळे. ती माझ्या नणंदेची मुलगी. सांगलीत इंजिनिअरिंग करून ती जॉर्ज मेसन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सचं एम.एस. करायला आली आणि अ‍ॅशबर्नला आमच्या बेसमेंटमध्ये राहते. नाव लिहीत नाही, कारण अंकात छापून आलेलं तिला आवडणार नाही. बाकीचं लिहायला मात्र तिनं परवानगी दिली आहे. इथे येण्यापूर्वी मी सातारा जिल्ह्यात एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते, बोर्डाच्या परीक्षांना सुपरव्हिजन केलं होतं, गठ्ठेच्या गठ्ठे तपासले होते. त्यामुळे तिच्या पहिल्या फायनल्समधला एक दिवस मी मामी म्हणून पाहिला, तसा थोडा मास्तरीणबाईंच्या नजरेनंही पाहिला.

सकाळी उठवायचं नाही

पहिला धक्का वेळेचा. पेपर रात्री साडेसात ते सव्वादहा! मेसनमध्ये फायनल्सचे पेपर सकाळी साडेसातपासून रात्री सव्वादहापर्यंत पावणेतीन-पावणेतीन तासांच्या टप्प्यांत असतात. एम.एस.चे बरेच वर्ग संध्याकाळी भरतात, म्हणून त्यांचे पेपरही संध्याकाळी. पहाटे उठवणं, गरम दूध, 'एकदा वाचून घे' ही आपली सगळी तयारी इथे निरुपयोगी. ती आदल्या रात्री दोनला झोपली होती आणि सकाळी साडेनऊला उठली. मी पोहे झाकून ठेवले आणि मुलांना बेसमेंटच्या जिन्यावरून उड्या मारू नका एवढं बजावलं. घराचा सहभाग इथेच संपला.

दुसरा धक्का अभ्यासाचा. आपल्याकडे इंजिनिअरिंगला पी.एल. मिळते, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी. वर्षभर सबमिशनच्या मागे धावलेली मुलं त्या दिवसांत पुस्तक उघडतात आणि पास होतात. इथे वर्ग संपले की मध्ये जेमतेम एखादा-दुसरा दिवस असतो, मग लगेच फायनल. पण शेवटच्या पेपरवर सगळी मदारही नसते. तिच्या या विषयात गृहपाठाला ३० टक्के, मिडटर्मला २५, प्रोजेक्टला २० आणि फायनलला २५ टक्के वजन होतं. हे सगळं पहिल्याच दिवशी दिलेल्या अभ्यासक्रमाच्या कागदावर छापलेलं होतं. म्हणजे परीक्षा ऑगस्टच्या शेवटापासूनच सुरू झालेली असते. आपल्याकडून आलेल्या मुलाला हे समजायला एक सेमिस्टर जातं, आणि बहुतेक वेळा ते समजतं मिडटर्म हातात पडल्यावर.

परवानगी असलेली कॉपी

अकराच्या सुमारास मी चहा घेऊन खाली गेले, तर बाईसाहेब एका कोऱ्या कागदावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात सूत्रं लिहीत होत्या. माझ्यातली सुपरव्हायझर जागी झाली! असलं अक्षर मी मोज्यांत, पॅडच्या खाचेत आणि एकदा तर हातरुमालावर पाहिलेलं आहे. ती हसून म्हणाली, "मामी, सरांनीच सांगितलंय. एक कागद, दोन्ही बाजूंनी, हाताने लिहिलेला. काय वाटेल ते लिहून आणा."

कित्येक प्राध्यापक इथे अशी मुभा देतात. त्यामागचा विचार मला शिक्षिका म्हणून पटला. सेमिस्टरभराचा विषय एका कागदावर बसवायचा, तर काय महत्त्वाचं आणि काय नाही हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवण्यातच अर्धा अभ्यास होतो. आणि कागद जवळ असला की 'व्याख्या लिहा' असा प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही. मग प्रश्न येतो तो असा: ही परिस्थिती आहे, यात ती व्याख्या कशी लागू कराल ते दाखवा.

आपल्याकडे उलट. महाराष्ट्रात परीक्षेतले गैरप्रकार रोखायला १९८२ सालचा स्वतंत्र कायदा आहे. भरारी पथकं आहेत, उत्तरपत्रिकेवर बारकोड आणि होलोक्राफ्ट स्टिकर आहे. बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचायला आधी दहा मिनिटं मिळायची. ती तेवढ्या वेळात मोबाइलवर फिरायला लागली, म्हणून २०२३ पासून ती दहा मिनिटं पेपरच्या शेवटी दिली जातात. तिथली सगळी व्यवस्था अविश्वासावर उभी आहे असं म्हणणं सोपं आहे, पण त्याला कारण आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी ती विभागणी होती. तीच पुढे पुण्यात १९४९ ला आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात १९६२ ला आली. शिकवणारा एक, पेपर काढणारा दुसरा, तपासणारा तिसरा. कुणी कुणाला ओळखत नाही. नाव झाकायचं, बैठक क्रमांक लिहायचा. खेड्यातल्या मुलीचा पेपर आणि शहरातल्या बड्या घरच्या मुलाचा पेपर एकाच गठ्ठ्यात जातो, ही त्या अनोळखीपणाची चांगली बाजू. मी स्वतः त्याच गठ्ठ्यातून वर आले आहे, त्यामुळे त्याला नावं ठेवणार नाही.

इथे मात्र जो शिकवतो तोच पेपर काढतो आणि तोच ग्रेड देतो, फार तर त्याचा सहायक मदतीला असतो. म्हणून त्याच्याशी जाऊन बोलणं हा अभ्यासाचाच भाग. आठवड्यातले काही तास प्राध्यापक त्यासाठीच खोलीत बसलेले असतात, त्याला ऑफिस अवर्स म्हणतात. आपली मुलं तिथे जायला बिचकतात. सरांच्या केबिनमध्ये बोलावणं म्हणजे काहीतरी चुकलंय, हेच आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं.

ऑक्टोबरातली गोष्ट

आता त्या दिवसामागची गोष्ट सांगायला हवी. ऑक्टोबरात तिची मिडटर्म झाली होती आणि तिला शंभरपैकी ५१ मिळाले होते. सांगलीत कायम डिस्टिंक्शन घेणाऱ्या मुलीला ५१! वर्गाची सरासरी ६० च्या आसपास होती, म्हणजे आकाश कोसळलं नव्हतं. पण एम.एस.ची पदवी मिळवायची तर सरासरी ३.०, म्हणजे 'बी' राखावी लागते. ती घसरली तर सूचना येते, तशीच राहिली तर पुढचं शिक्षण धोक्यात, आणि व्हिसा तर त्या शिक्षणावरच टिकलेला. वर शैक्षणिक कर्ज. त्यासाठी सांगलीचं राहतं घर तारण आहे. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं, त्यात फार तर किराणा आणि फोनचं बिल निघतं.

हे तिनं मला सांगितलं, आईला नाही. तिकडे नणंदबाई मला फोनवर विचारत होत्या, "अगं, अभ्यास करते ना ती? मार्कांचं विचारलं की विषय बदलते."

इथे एक कायदा आहे, तो आपल्या सगळ्या पालकांना माहीत असायला हवा. फेर्पा नावाचा हा केंद्रीय कायदा १९७४ चा. मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात दाखल झालं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. फी तुम्ही भरा, पण ग्रेड काय लागली हे कॉलेज तुम्हाला आपणहून सांगणार नाही. वाट अगदीच बंद नाही. मुलाने लेखी संमती दिली तर माहिती मिळते, आयकराच्या विवरणात ते तुमच्यावर अवलंबून दाखवलेलं असेल तर कॉलेजला ती देण्याची मुभा आहे, आणि जिवाला किंवा प्रकृतीला धोका असेल तर घरी कळवता येतं. पण रोजच्या व्यवहारात दार बंद असतं आणि किल्ली मुलाच्या हातात असते.

मामीला मात्र हा कायदा लागू नाही. मी सांगितलं असतं तर कुणी अडवलं नसतं. पण मी ठरवलं की मी नणंदबाईंशी खोटंही बोलणार नाही आणि तिच्याऐवजी सांगणारही नाही. नणंदबाईंना म्हटलं, "ताई, अभ्यास करते, हे मी डोळ्यांनी बघते. मार्कांचं तिलाच विचारा." आणि तिला म्हटलं, "ग्रेड लागायच्या आत तू स्वतः सांगायचंस. त्याआधी सरांकडे जायचं."

ती गेली. सर अर्धा तास तिच्याबरोबर तो पेपर घेऊन बसले. तिची उत्तरं चूक नव्हती. विचारलं होतं एक आणि तिनं पाठ असलेलं दुसरं, तेही भरपूर, लिहिलं होतं. आपल्याकडे पुरवण्या जोडल्या की मार्क मिळतात असा समज असतो. इथे एका ओळीचं उत्तर विचारलं तर एकच ओळ वाचली जाते. नोव्हेंबरभर ती दर आठवड्याला तिथे जात राहिली.

द्राविडी प्राणायाम

दुपारी वरणभात खाऊन चार वाजता ती निघाली. गाडीने अ‍ॅशबर्न ते फेअरफॅक्स जेमतेम पाऊण तास. पण तिच्याकडे गाडी नाही, आणि मला त्या वेळी मुलांना घ्यायला जायचं असतं. सिल्व्हर लाइन १५ नोव्हेंबर २०२२ ला अ‍ॅशबर्नपर्यंत आली, ही अशा विद्यार्थ्यांची मोठी सोय. तरी हा द्राविडी प्राणायामच: मेट्रोने पूर्वेला ईस्ट फॉल्स चर्चपर्यंत जायचं, तिथून ऑरेंज लाइनने उलट पश्चिमेला व्हिएन्नाला यायचं आणि पुढे फेअरफॅक्स शहराच्या क्यू बसने कॅम्पस. पावणेपाचला सूर्य मावळतो, त्यामुळे अर्धा प्रवास अंधारातच. गाडीत तिच्या हातात तो एकच कागद होता.

दारातून निघताना मी दही-साखर दिली. "मामी, रात्रीच्या पेपरला पण?" म्हणाली. म्हटलं, शास्त्रात वेळ लिहिलेली नाही.

कॅम्पसवर जॉर्ज मेसनचा ब्राँझचा पुतळा आहे. हा मेसन म्हणजे १७७६ च्या व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा कर्ता. पुढे देशाच्या राज्यघटनेत नागरिकांच्या हक्कांची सनद नाही म्हणून त्यानं तिच्यावर सही करायला नकार दिला होता. पुतळ्याच्या पायाचं बोट चोळलं की पेपर चांगला जातो, अशी तिथल्या मुलांची समजूत. तिनंही चोळलं. सांगलीला पेपरच्या दिवशी ती गणपतीला जाऊन यायची. देव बदलला, गरज तीच.

वही परत आली

पेपर होता निळ्या वहीत. निळ्या पुठ्ठ्याच्या, रेघांच्या, थोड्या पानांच्या या वह्यांना इथे ब्लू बुक म्हणतात. कॅम्पसच्या दुकानात विकत मिळतात आणि अमेरिकन विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांनी त्यात उत्तरं लिहिली आहेत. मध्यंतरी सगळं लॅपटॉपवर गेलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि घरी लिहून आणलेला निबंध नक्की कुणाचा, हे सांगता येईना. तेव्हा बऱ्याच प्राध्यापकांनी पुन्हा वही आणि पेन हातात दिलं. गंमत म्हणजे एआयचं काम ज्या प्रकारच्या डेटा सेंटरांत चालतं, त्यांच्या बिनखिडक्यांच्या इमारती बघतच अ‍ॅशबर्नहून निघावं लागतं. आपलं गाव त्यासाठीच जगभर ओळखलं जातं. त्या इमारतींमधून वाट काढत मुलगी हाताने पेपर लिहायला निघाली होती. हाताने तीन तास लिहायची सवय असलेली आपली मुलं इथे निदान एका बाबतीत पुढे असतात.

सुपरव्हिजन म्हणाल तर एक सहायक समोर बसून होता. पाण्याची बाटली जवळ, कोट खुर्चीला, मध्येच कुणी उठून बाथरूमला जाऊन येतंय. शार्लट्सव्हिलच्या व्हर्जिनिया विद्यापीठात तर १८४२ पासून सचोटीची शपथ आहे. मी मदत दिली नाही आणि घेतली नाही, असं विद्यार्थी लिहून देतो, आणि शपथ मोडणाऱ्याचा निवाडा विद्यार्थीच करतात. पूर्वी त्याला एकच शिक्षा होती, विद्यापीठातून कायमची हकालपट्टी. २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदान करून ती सौम्य केली. विश्वास ठेवायचा, पण मोडला तर किंमत मोठी, असा तो हिशेब आहे.

इथे साडेसात वाजले तेव्हा सांगलीत सकाळचे सहा वाजत होते. नणंदबाईंचा मेसेज आला: "सुरू झाला का? मी देवापाशी बसते." घर परीक्षेला बसायचं थांबलं नव्हतं, फक्त साडेदहा तासांच्या अंतरावरून बसलं होतं.

रात्रीची खिचडी

सव्वादहाला तिचा मामा गाडी घेऊन कॅम्पसच्या पार्किंगमध्ये उभा होता. फाटक नसलं म्हणून काय झालं! ती आल्यावर त्यानं विचारलं, "हीटर वाढवू का?" एवढंच. 'कसा गेला' विचारायचं नाही असं मी सकाळीच बजावलं होतं.

अकरा वाजता घरी खिचडी-कढी झाली आणि ताटावर बसल्या बसल्या तिनं सांगलीला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मला ऐकू आलं. "आई, पेपर बरा गेला. पण एक सांगायचंय. ऑक्टोबरात मिडटर्म वाईट गेली होती. एक्कावन्न पडले होते." पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग नणंदबाईंनी विचारलं, "मिडटर्म म्हणजे आपली युनिट टेस्ट का गं?" आणि तिनं काही समजवायच्या आत, "जेवलीस का?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मागून तिच्या बाबांचा आवाज आला, "तेव्हाच सांगायचं ना. एकटीनं कशाला काढले दोन महिने?"

मग ती खाली गेली. दुसऱ्या दिवशी रात्री ११:५९ ला प्रोजेक्टचा अहवाल द्यायचा होता. हे ११:५९ इथल्या विद्यार्थ्यांच्या आयुष्यातलं रोजचं घड्याळ आहे.

ग्रेड आठवड्याभराने लागली. ती काय लागली हे मी इथे लिहीत नाही. ती सांगायची की नाही, हे तिनं ठरवायचं.

येत्या डिसेंबरसाठी

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा यंदाच्या फायनल्सना महिना-दीड महिना उरलेला असेल. बेसमेंटमध्ये, डॉर्ममध्ये किंवा चार मुलींनी मिळून घेतलेल्या अपार्टमेंटमध्ये आपली मुलं तयारी करत असतील. तिकडच्या आजी-आजोबांना आणि मामा-मावश्यांना माझी एक विनंती आहे. पेपरच्या दिवशी मार्क विचारू नका, जेवण विचारा. इथल्या घड्याळाप्रमाणे पेपर किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवा, म्हणजे भर पेपरात फोन वाजणार नाही. इथल्या पालकांनी संमतीपत्राचा विषय मुलाशी ऑगस्टमध्येच, शांतपणे काढावा. नाही म्हणालं तर रागावू नये. पण 'काही बिघडलं तर आम्हाला आधी सांग, उपाय नंतर बघू' हे त्याला पुन्हा पुन्हा ऐकू द्यावं. आणि मुलांनो, ऑफिस अवर्सना जा. केबिनमध्ये कुणी ओरडत नाही.

एखादं मूल फोन उचलेनासं झालं, झोपेनासं झालं, तर ग्रेडचं राहू द्या. कॉलेजांत समुपदेशन केंद्रं असतात. जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी नंबर देशभर चालू आहे, मन फारच खचलं तर दिवसा-रात्री कधीही त्यावर बोलता येतं. तो फ्रिजवर लावून ठेवण्यात कमीपणा नाही.

आणि तुमच्या ओळखीचं कुणी मूल त्या आठवड्यात मेट्रोने एकटं ये-जा करत असेल, तर सव्वादहाला पार्किंगमध्ये गाडी घेऊन उभे राहा. डब्यात थोडी खिचडी असू द्या.